खुंटाची ओळखपरेड

जंभेरी लिंबाचे एक बी वाफ्यात टाकले की त्यातून एकच रोप येईल, असे वरूड तालुक्यातला कोणी पन्हेरीवाला, म्हणजे रोपवाटिकावाला, छातीठोकपणे सांगणार नाही. कधी दोन येतात, कधी तीन. एक जोमदार, बाकीची किरकोळ. त्याला यात नवल वाटत नाही. नवल वाटले ते डेल्फ्टच्या आंतोनी व्हॅन लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याला. स्वतः घासलेल्या भिंगांतून हाताला लागेल ते न्याहाळण्याचा त्याला नाद होता. १७१९ साली त्याने संत्र्याच्या कुळातले बी चिरून पाहिले आणि एका बियात एकाहून अधिक गर्भ असल्याचे नोंदवले. असे का होते हे कळायला आणखी दीडशे वर्षे गेली. १८७८ मध्ये एडुआर्ड स्ट्रासबुर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हे जादा गर्भ परागकणाशी संबंध न येता, बीजांडाच्या आत असलेल्या आईच्याच पेशींतून तयार होतात.

म्हणजे त्यांत बापाचा वाटा शून्य. रोप ही आईची हुबेहूब प्रत. वाफेच्या वाफे एकसारखे उगवतात ते यामुळे, आणि वरूडचा पन्हेरीचा धंदा उभा आहे तोही निसर्गाच्या याच विक्षिप्तपणावर. पण त्याच बियात एखादा गर्भ रीतसर आईबापाचाही असतो. पराग शेजारच्या मोसंबीचा असेल, कागदी लिंबाचा असेल, कोणाचाही. तो बहुधा अशक्त निघतो, म्हणून खुरटलेली रोपे उपटून टाकायची आणि अतिउंच वाढलेलीही टाकायची, असा रिवाज आहे आणि शिफारसही. पण ‘बहुधा’ या शब्दात बरीच रोपे निसटतात. निसटलेले रोप इतरांच्या खांद्याला खांदा लावून वाढते आणि दिसतेही त्यांच्यासारखेच.

खुनाच्या तपासात किंवा बापपणाच्या दाव्यात डीएनएचा ठसा काय करतो, हे आपण पेपरात वाचत असतो. तोच ठसा संत्र्याच्या झाडाचा घेतला तर काय दिसते आणि काय दिसत नाही, हे मात्र ज्यांच्या पोटाशी त्याची गाठ आहे त्यांच्यापर्यंत फारसे आलेले नाही.

वरूड हा सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेला तालुका. शेजारच्या मोर्शीसह त्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची पद्धत आहे. संत्र्याचे नाव नागपूरचे, २०१४ सालचे भौगोलिक मानांकनही त्याच नावाने. फळाचे मोठे आगर मात्र अमरावती जिल्ह्यात. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे आणून नागपुरात लावली, असे सांगतात. तिथून ते झाड सरकत सरकत वर्धा नदीच्या खोऱ्यात येऊन स्थिरावले. तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटची ओळख तर संत्र्याइतकीच संत्र्याच्या कलमांची आहे.

कलमाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पुढच्या गोष्टीसाठी ती एकदा सांगायला हवी. जंभेरीचे बी वाफ्यात, तिथून रोपे दुसऱ्या वाफ्यात. खोड पेन्सिलीएवढे झाले की सालीवर टी-आकाराचा काप घेऊन त्यात संत्र्याचा डोळा भरायचा, पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरची जंभेरी छाटून टाकायची. मुळापासून वीतभर जंभेरी, म्हणजे खुंट, आणि वर सगळा संत्रा, असे हे दोन जिवांचे एक झाड. शेतकरी ते सहा बाय सहा मीटरवर लावतो, हेक्टरी २७७ झाडे. पहिला खरा बहार पाचव्या-सहाव्या वर्षी. तोवर खत, ओलित, फवारणी, राखण, सगळे विश्वासावर.

खुंट चुकला तर? वरून काही कळत नाही. फळ संत्र्याचेच येणार, कारण वरचा डोळा संत्र्याचा. फरक पडतो तो पाण्याच्या ताणात, भारी काळ्या जमिनीत, डिंक्या आणि मूळकुजीच्या साथीत, आणि बागेच्या एकूण आयुष्यात. जंभेरी जोमाने वाढते, पण फायटोफ्थोरा बुरशीला लवकर बळी पडते. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण त्यापेक्षा बरा सोसतो, असा अनुभव आहे. वरूड-मोर्शी हा भूजलाच्या हिशेबात ड्राय झोन. बोअर शेकडो फूट खाली गेलेली. इथे खुंट कोणता हा प्रश्न हौसेचा नाही. आणि रोपाच्या वयात जंभेरी व रंगपूर यांत नुसत्या डोळ्यांनी फरक करायचा, तर पान चुरगाळून वास घेण्यापलीकडे फार काही हाती नसते. जाणत्या माणसाचे नाक चुकतेच असे नाही. पण नाकाची साक्ष कागदावर उतरत नाही.

प्रयोगशाळेत काय होते ते आता पाहू. पहिली गोष्ट यंत्रांच्या आधी येते: नमुना कुठला? कलमी झाडाच्या शेंड्याचे पान तोडून नेले तर उत्तर ‘संत्रा’ असे येईल, आणि ते बरोबर असूनही आपल्या प्रश्नाला निरुपयोगी. खुंट तपासायचा तर डोळ्याच्या जोडाखालून फुटलेल्या धुमाऱ्याचे पान हवे, नाहीतर मुळाची साल. कोणत्या झाडाचे, कोणत्या दिवशी, कोणी तोडले, ही चिठ्ठी पिशवीवर हवी. पोलिसांच्या पंचनाम्यात रक्ताच्या डागाला जी शिस्त लागते तीच इथेही. यंत्राला खोटे बोलता येत नाही असे म्हणतात. ते खरे आहे. पण यंत्राला चुकीचे पान दिले तर ते त्या चुकीच्या पानाविषयी खरे बोलते.

कोवळे पान घेतात, चिमूटभर. शंभर मिलिग्रॅम पुरते. ते खलात घालून त्यावर द्रवरूप नायट्रोजन ओततात. उणे १९६ अंशांची ती वाफ खलाच्या काठावरून खाली ओघळत असताना पान काचेसारखे ठिसूळ होते आणि दोन-चार फिरवण्यांत त्याची हिरवी पूड होते. हा घाईचा भाग आहे. पूड वितळली की पेशींतली विकरे जागी होऊन डीएनए तोडू लागतात. म्हणून ती लगेच ६५ अंशांपर्यंत तापवलेल्या द्रावणात टाकायची. त्यात सीटॅब नावाचा साबणासारखा पदार्थ असतो. तो पेशीची आवरणे विरघळवतो. जोडीला मीठ, आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल नावाचे एक भयंकर घाणेरड्या वासाचे रसायन. ज्याने एकदा ते हुंगले तो फ्यूम हूडचे महत्त्व जन्मभर विसरत नाही.

संत्र्याच्या कुळाला या घाणीची विशेष गरज असते. पानांत तेल, टॅनिनवर्गी द्रव्ये आणि चिकट शर्करा भरपूर. सोलून ठेवलेले सफरचंद जसे तांबूस पडते त्याच क्रियेने इथे अर्क तपकिरी होतो आणि डीएनए त्या मळात अडकून बसतो. रक्तातून डीएनए काढणे त्या मानाने सोपे. पानांनी भल्याभल्या विद्यार्थ्यांना रडवले आहे. ही सीटॅबची रीत जेफ डॉयल आणि जेन डॉयल या दोघांनी १९८७ मध्ये एका छोट्याशा वार्तापत्रात छापली आणि जगभरच्या वनस्पती प्रयोगशाळांनी ती उचलली.

मग क्लोरोफॉर्म. नळी हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवली की तीन थर पडतात: तळाला क्लोरोफॉर्म, मध्ये प्रथिनांची पांढुरकी चकती, वर पाणी. डीएनए त्या वरच्या पाण्यात असतो. ते अलगद उचलून दुसऱ्या नळीत घ्यायचे आणि थंडगार आयसोप्रोपेनॉल घालून नळी हळूच उलटसुलट करायची. आता त्यात कापसाच्या तंतूंसारखे काहीतरी पांढरे लोंबताना दिसते. शतकानुशतके ज्याचा पत्ता नव्हता तो वंशाचा पदार्थ असा उघड्या डोळ्यांना दिसतो, सूक्ष्मदर्शकाशिवाय. धुऊन, वाळवून, थोड्या द्रावणात विरघळवून तो फ्रीजरमध्ये ठेवला की वर्षानुवर्षे टिकतो.

हा सगळा डीएनए वाचायचा नसतो. दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच. तो वाचून वेळ का घालवा? ठसा घेतात तो ठरावीक, चंचल जागांचा. अशा जागी दोन, तीन किंवा चार अक्षरांचा तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि किती वेळा येतो हे व्यक्तीगणिक बदलते. बडनेऱ्याच्या फाटकावर उभे राहून मालगाड्या पाहाव्यात तसे हे आहे: पुढचे इंजिन तेच, मागचा गार्डाचा डबा तोच, मधली वाघिणींची संख्या मात्र प्रत्येक गाडीची वेगळी. प्रयोगशाळेचे काम म्हणजे इंजिन आणि गार्डाचा डबा ओळखून मधल्या वाघिणी मोजणे. मायक्रोसॅटेलाइट म्हणतात ते या जागांना.

मोजायचे तर आधी त्या जागेच्या प्रती हव्यात, भरपूर. कॅरी मुलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९८३ मध्ये सुचलेली पीसीआर ही क्रिया ते काम करते; १९९३ मध्ये त्याला तिच्यासाठी नोबेल मिळाले. नळीत डीएनए, दोन्ही टोकांना चिकटणारे छोटे तुकडे म्हणजे प्रायमर, सुटी अक्षरे आणि प्रत काढणारे विकर घालायचे. यंत्र नळीला ९४ अंशांवर नेते, दोन पदर सुटे होतात. ५५ अंशांच्या आसपास उतरवते, प्रायमर आपापल्या जागी बसतात. ७२ अंशांवर विकर नवी प्रत जोडते. पुन्हा ९४. दर फेरीला दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी. एवढ्या उष्णतेत तग धरणारे हे विकर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूचे आहे. तो शोधणाऱ्या टॉमस ब्रॉक यांनी तो कुतूहलापोटी शोधला होता, कोणाला पकडण्यासाठी नव्हे.

मग लांबी मोजणे. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून जेलीसारख्या थरातून वीज सोडली की तो धन टोकाकडे पळतो; आखूड तुकडे पुढे, लांब मागे. पूर्वी जेल रंगवून त्यावरच्या रेघा अतिनील प्रकाशात पाहायच्या. आता केसाएवढ्या नळीतून तुकडे धावतात, प्रायमरला लावलेला रंग लेसरखाली चमकतो आणि संगणकावर शिखरे उमटतात. एकेका अक्षराचा फरक कळतो.

समजा, एका ठरावीक जागी आई-जंभेरीची दोन शिखरे आहेत, १५० आणि १६२ अक्षरांची. एक तिला तिच्या आईकडून आलेले, एक बापाकडून. आता वाफ्यातले रोप तपासले आणि १५०-१६२ असेच आले, तर ते आईची प्रत असण्याचा संभव मोठा. १५०-१५८ आले, तर ते १५८ कुठून तरी परागाबरोबर आले; ते रोप उपटायचे. १५०-१५० आले, तरीही उपटायचे, कारण आईची प्रत असती तर १६२ हरवले नसते. एका जागेवर भरवसा ठेवायचा नाही. आठ-दहा जागा पाहायच्या. वर्षभर वाफ्यात वाढवून, खोड-पान पाहून जे नक्की सांगता येत नाही, ते दोन-तीन पानांच्या रोपावरून काही दिवसांत सांगता येते. हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेत बासमतीतली भेसळ अशाच जागा मोजून पकडतात.

या ठशाचा जन्म मात्र माणसाच्या रक्तात झाला. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी एक्स-रे फिल्म बाहेर काढली. तिच्यावर त्यांच्या तंत्रज्ञ सहकाऱ्याच्या घरातल्या माणसांचे डीएनएचे पट्टे होते. प्रत्येकाचे वेगळे, तरी नाते सांगणारे. त्याच परगण्यात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि एका तरुणाने त्यातल्या एकाची कबुलीही दिली होती. ठशाने पहिले काम केले ते त्याला निर्दोष सोडवण्याचे. मग पाच हजारांच्या आसपास पुरुषांचे नमुने घेतले गेले आणि खरा गुन्हेगार सापडला. तोही आपल्या जागी दुसऱ्याचे रक्त द्यायला लावून आधी निसटला होता. प्रयोगशाळा अचूक होती. नमुना खोटा होता.

भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी स्वतंत्र वाट काढली. सापांच्या लिंग-गुणसूत्रांवर काम करताना त्यांना पट्टेरी मण्यार या विषारी सापात एक पुनरावृत्त तुकडा सापडला होता. तोच हुक म्हणून वापरून माणसांचे ठसे घेता येतात, हे त्यांनी १९८८ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी केरळातल्या तेल्लिचेरीच्या न्यायालयात बापपणाच्या दाव्यात तो ठसा पुरावा म्हणून उभा राहिला. आपल्या राज्यात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय करते. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर, अमरावती आणि इतरत्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या न्यायालयात सुरू झालेला पोटगीचा एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा नागपूरच्या प्रयोगशाळेने दिलेला ‘हा बाप नव्हे’ हा निष्कर्ष दुसऱ्या बाजूला मान्य नव्हता. न्यायालयाने हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडून फेरतपासणी करून घेतली. उत्तर तेच आले, आणि जानेवारी २०१४ च्या निकालात न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा शास्त्रीय पुरावा वरचढ मानला. दोन शहरे, दोन प्रयोगशाळा, एकच उत्तर: शास्त्राकडून मागायचे ते एवढेच.

झाडाचा ठसा खुनाच्या खटल्यात आला तो १९९० च्या दशकात, अमेरिकेतल्या ॲरिझोनात. १९९२ मध्ये एका स्त्रीचे प्रेत पालो वर्दे नावाच्या झाडांजवळ सापडले. संशयिताच्या पिकअप गाडीत त्याच जातीच्या झाडाच्या दोन शेंगा होत्या. पण ते झाड तर त्या वाळवंटात सगळीकडे. शेंगा कुठल्याही असू शकतात. ॲरिझोना विद्यापीठातले टिमथी हेलेंटजारिस यांनी प्रेताजवळच्या झाडांचे आणि इतर झाडांचे डीएनए ठसे काढले. प्रत्येक झाड वेगळे निघाले आणि शेंगा जुळल्या त्या जागेवरच्या एकाच झाडाशी, ज्याच्या फांदीवर ताजी खरचट होती. गुन्हेगाराला शिक्षा झाली. हेलेंटजारिस यांनी वापरलेले तंत्र आज जुने झाले. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत तसाच येईल याची हमी त्यात कमी होती. पण वाचताना माझ्या मनात आले ते वेगळेच: हाच गुन्हा वरूडच्या संत्र्याच्या बागेत झाला असता तर?

तर हेलेंटजारिस हात टेकून परतले असते. पालो वर्दे बियांपासून, परागीभवनातून येते. प्रत्येक झाड स्वतंत्र व्यक्ती. वरूडच्या बागेतला प्रत्येक संत्रा डोळा भरून आलेला, म्हणजे कोणत्या ना कोणत्या जुन्या झाडाची फांदीच. तालुक्यातल्या पुसला गावचे पान आणि बेनोडा गावचे पान नळीत घातले तर शिखरे एकावर एक बसावीत अशीच अपेक्षा. न्यायालयात डीएनएचा जो दरारा आहे तो गुणाकाराचा आहे: एका जागेची जुळणी दहात एकाशी, दुसऱ्या जागेचीही दहात एकाशी, अशा दहा स्वतंत्र जागा जुळल्या तर हजार कोटींत एक. अमेरिकेच्या एफबीआयने १९९८ पासून अशा १३ जागा वापरल्या, २०१७ पासून २०. पण हा गुणाकार चालतो तो माणसे वेगवेगळ्या आईबापांची असतात म्हणून. तालुकाभर जुळी झाडे उभी असतील तिथे हजार कोटींची भाषा बोलायची नाही.

याचा धंद्यावर होणारा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. पन्हेरीवाला म्हणतो, माझा डोळा चांगल्या मातृवृक्षाचा. शेजारचा म्हणतो, त्याचा डोळा रोगट बागेतला. ठसा या भांडणात मुका आहे, कारण दोन्ही डोळे नागपुरी संत्र्याचेच. रोगट फांदी आणि निरोगी फांदी यांचा ठसा सारखा येतो. सायला किडीने पसरणारा ग्रीनिंगचा जिवाणू किंवा ट्रिस्टेझाचा विषाणू आहे का, हे पाहायला वेगळी तपासणी लागते. पीसीआरचे यंत्र तेच, पण प्रायमर रोगजंतूचे. ठसा ओळख सांगतो, तब्येत सांगत नाही. बाजारात ‘डीएनए टेस्टेड’ असा फलक लावून कलमे विकणारा उद्या कोणी भेटला, तर ‘कसली टेस्ट?’ हा पहिला प्रश्न असायला हवा.

चांगल्या आणि वाईट डोळ्यांतला दुसरा फरक असतो तो फांदीवरच्या अपघाती बदलाचा. एखाद्या झाडाला एकच फांदी अशी फुटते की तिची फळे बिनबियांची, किंवा मोठी, किंवा उशिरा पिकणारी. ज्या कॅलिफोर्नियाचे नाव आपण मिरवतो, तिथल्या संत्र्याचा पायाच असा आहे. ब्राझीलमधल्या बाहियात असा एक बदल झाला, त्याची रोपे १८७३ मध्ये रिव्हरसाइडला गेली आणि वॉशिंग्टन नेव्हल या जातीने पुढचा इतिहास घडवला. त्यातले एक झाड तिथे अजून जपून ठेवले आहे. कोट्यवधी अक्षरांच्या मजकुरात असा बदल एक-दोन ठिकाणी असतो. आठ-दहा जागांच्या ठशात तो सापडत नाही. संपूर्ण जीनोम वाचावा लागतो.

संपूर्ण वाचन झाले तेव्हा मात्र मोठी मौज हाती आली. २०१८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या कुळातल्या ६० जीनोमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुळाचे माहेर हिमालयाचा आग्नेय पायथा. आसाम, उत्तर म्यानमार, युनान यांचा पट्टा. आपल्या बाजारातली बहुतेक फळे ही महाळुंग, पपनस आणि मूळचा संत्रा अशा मोजक्या पूर्वजांची संतती. मोसंबीत पपनस आणि संत्रा दोघांचे रक्त. आणि आपली जंभेरी? ती संत्रा आणि महाळुंग यांचे अपत्य. रंगपूर लिंबूही त्याच दोघांच्या वंशातले, वेगळ्या संकरातून आलेले. दोघांची आई संत्रा, हेही ठरले आहे, कारण हरितलवकातला डीएनए फक्त आईकडून येतो आणि तो संत्र्याचा निघाला. ज्या खुंटावर आपण संत्रा बांधतो तो संत्र्याचाच लेक. जंभेरी आणि रंगपूर रोपाच्या वयात इतकी सारखी का, याचे उत्तरही इथेच आहे: ती भावंडे आहेत. भावंडांतला फरक नाकाने ओळखण्यापेक्षा शिखरांनी ओळखणे बरे, कारण महाळुंगाकडून कोणाला काय आले ते तिथे वेगवेगळे दिसते.

माझे म्हणणे आता सरळ मांडतो. ठसा स्वतःहून काही सांगत नाही. तो फक्त पडताळतो. एका बाजूला दावा हवा, दुसऱ्या बाजूला नमुना. माणसांच्या खटल्यात दावा असतो: हा बाप आहे, हे रक्त याचे आहे. वरूडच्या पन्हेरीत दावाच लेखी नसतो. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे, परवाना आहे. पण शेतकऱ्याच्या हातात पडते ती बहुधा ‘संत्रा कलमे, इतकी नग’ एवढीच पावती. पाच वर्षांनी बाग डिंकली तर तो कशाच्या आधारावर भांडणार? सर्वात सुसज्ज प्रयोगशाळाही त्याला विचारणार, तुम्हाला काय म्हणून विकले होते?

शास्त्र दूर नाही. नागपूरला अमरावती रोडवरच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. १९८५ पासून तिथे याच कुळावर काम चालते आणि रोगमुक्त मातृवृक्षांपासून कलमे करून ती शेतकऱ्यांना दिली जातात. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी १,७६५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा क्लीन प्लांट कार्यक्रम मंजूर केला. त्यात देशभरात नऊ केंद्रे असून संत्रावर्गासाठी ठरलेल्या ठिकाणांत नागपूर आहे. त्या कार्यक्रमाचा रोख विषाणूमुक्त लागवड साहित्यावर आहे, आणि तो योग्यच. पण तिथे जी नळी रोगासाठी फिरणार तीच ओळखीसाठीही फिरू शकते. पन्हेरीतल्या प्रत्येक रोपाची तपासणी कोणी मागत नाही. ते परवडणारही नाही. जिचे बी वापरले जाते त्या आई-जंभेरीच्या झाडांचा ठसा एकदा काढून ठेवावा, दर हंगामात वाफ्यांतून मूठभर रोपे उचलून ती तिच्याशी पडताळावीत, आणि निकाल पन्हेरीच्या दारावर लावावा. प्रामाणिक पन्हेरीवाल्याला यात नुकसान नाही. उलट आज त्याचा चांगला माल आणि दुसऱ्याचा गोळा केलेला माल एकाच भावाने एकाच ट्रकमध्ये चढतो, ते तरी थांबेल.

ते होईपर्यंत एक काम शेतकऱ्याच्या हातात आहे. येत्या पावसाळ्यात कलमे घ्यायला शेंदूरजनाघाटला जाल तेव्हा पावतीवर ‘संत्रा’ एवढ्यावर समाधान मानू नका. खुंट कोणता, त्याचे बी कुठल्या झाडाचे, डोळा कुठल्या बागेतला, हे विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या आणि तो कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा.